रॅमच्या ३ स्टिक लावल्या तर ड्युअल चॅनल बंद पडतो का?

कॉम्प्युटर हळू चालायला लागला की पहिला सल्ला मिळतो, "रॅम वाढवा." त्यापाठोपाठ दुसरा येतो, "पण जोडीनेच लावा, नाहीतर ड्युअल चॅनल जाईल." या भीतीपोटी अनेक जण चांगली चालणारी जुनी रॅम काढून टाकतात आणि दोन नव्या स्टिकचे पैसे मोजतात. दरवेळी त्याची गरज असते का? नाही. कारण स्टिक किती आहेत यापेक्षा प्रत्येक चॅनलवर एकूण किती जीबी रॅम आहे, हे जास्त महत्त्वाचं असतं.

ड्युअल चॅनल म्हणजे काय?

प्रोसेसर आणि रॅम यांच्यात माहितीची ने-आण ज्या मार्गाने होते, तो मार्ग म्हणजे चॅनल. डीडीआर४ मध्ये एक चॅनल ६४ बिट रुंद असतो. घरगुती डेस्कटॉपमध्ये आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये असे दोन चॅनल असतात. एकच स्टिक लावली तर एकच चॅनल वापरला जातो.

डीडीआर४-३२०० रॅम एका चॅनलवर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती नेऊ शकते. दोन्ही चॅनल वापरले तर हाच आकडा ५१.२ जीबी होतो. एकपदरी रस्ता दुपदरी व्हावा, तसंच हे. याचा अर्थ कॉम्प्युटर दुप्पट वेगाने चालेल असा मात्र नाही. फक्त वाहतुकीची जागा दुप्पट होते.

स्टिक विषम असतील तर?

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी फ्लेक्स मोडची सोय असते. दोन्ही चॅनलवर जितकी रॅम समान आहे, तितका भाग ड्युअल चॅनलमध्ये चालतो. उरलेला भाग सिंगल चॅनलमध्ये चालतो. म्हणजे रस्ता सुरुवातीला दुपदरी आणि पुढे एकपदरी. उदाहरणं पाहूया:

• ८ + ८ जीबी, वेगवेगळ्या चॅनलवर: पूर्ण १६ जीबी ड्युअल.
• ८ + ८ + ८ जीबी: एका चॅनलवर १६, दुसऱ्यावर ८. म्हणून १६ जीबी ड्युअल आणि ८ जीबी सिंगल.
• एका चॅनलवर ४ + ४ जीबी, दुसऱ्यावर ८ जीबी: स्टिक ३, पण दोन्हीकडे ८ जीबी. त्यामुळे पूर्ण १६ जीबी ड्युअल.
• एका चॅनलवर ४ जीबी, दुसऱ्यावर ८ जीबी: ८ जीबी ड्युअल, ४ जीबी सिंगल.
• दोन्ही ८ जीबी स्टिक एकाच चॅनलवर: सगळी रॅम सिंगल!

शेवटचं उदाहरण नीट लक्षात ठेवा. स्टिकची जोडी असूनही स्लॉट चुकला तर फायदा जातो. ४ स्लॉटच्या मदरबोर्डवर २ स्टिक लावायच्या असतील, तर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. तरी मदरबोर्डचं मॅन्युअल आधी पाहा.

लॅपटॉपवाल्यांनी काय करावं?

अनेक लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम बोर्डवरच बसवलेली असते आणि सोबत एकच स्लॉट असतो. तिथे ४ जीबीची स्टिक काढून ८ जीबीची लावली तर एकूण १२ जीबी होते. त्यातली ८ जीबी ड्युअल चालते. १६ जीबीची लावली तर एकूण २० जीबी होते, पण ड्युअल भाग ८ जीबीच राहतो.

मग जास्त रॅम घेऊ नये का? जरूर घ्या. रॅम भरली की कॉम्प्युटर एसएसडी किंवा हार्ड डिस्कचा आधार घेतो आणि त्या रॅमपेक्षा कितीतरी हळू असतात. म्हणून रॅम कमी पडत असेल, तर आधी जीबी वाढवा, जोडीचा विचार नंतर.

फरक कोणाला जाणवतो?

ब्राउझिंग, टायपिंग, व्हिडिओ पाहणं अशा कामांत सिंगल-ड्युअलचा फरक फारसा कळत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि तुम्ही गेम खेळत असाल, तर मात्र स्पष्ट कळतो. कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई ग्राफिक्स आहे, ते ड्युअल चॅनल नसेल तर साधं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतं.

घेण्यापूर्वी हे तपासा

• प्रकार: डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही. लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची स्टिकही वेगळी असते.
• वेग: २६६६ आणि ३२०० च्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगाने, म्हणजे २६६६ ने चालतात.
• स्लॉट: विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते कळेल.
• चॅनल: सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये चॅनलची माहिती मिळते. फ्लेक्स मोडमध्येही तिथे ड्युअल दिसू शकतं, त्यामुळे किती जीबी ड्युअल आहे याचा हिशोब वरच्या पद्धतीने स्वतः करा.
• डीडीआर५: या प्रकारात एका स्टिकमध्येच ३२ बिटचे दोन उपचॅनल असतात. म्हणून एकाच स्टिकवर '२ x ३२ बिट' दिसलं तर तो ड्युअल चॅनल समजू नका. दोन्ही मिळून ६४ बिटच होतात.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक बहुतेक वेळा एकत्र चालतात, पण खात्री नसते. म्हणून लावल्यावर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून बघा. आणि शक्य असेल तर परत करता येईल अशाच अटीवर स्टिक विकत घ्या.

थोडक्यात, नवी रॅम आधीपासून घेणार असाल तर एकसारखी जोडीच घ्या. पण घरात एखादी चांगली स्टिक पडून असेल आणि रॅम कमी पडत असेल, तर केवळ जोडी जमत नाही म्हणून ती टाकून देऊ नका.