शंबर पुन्हा येतो : परतणाऱ्या खलनायकाची जुनी वंशावळ

१/ डिसेंबर २००७ मध्ये ‘रिटर्न ऑफ हनुमान’ हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. २००५ च्या ‘हनुमान’नंतरचा हा चित्रपट अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केला होता आणि त्यात राहू-केतूंचे संकट होते. उत्तरभाग काढायचा आणि जुने वैर पुन्हा उभे करायचे, ही युक्ती हॉलिवूडची मानली जाते. तिचा माग मात्र कल्याणमार्गे ऋग्वेदापर्यंत जातो. #थ्रेड

२/ आधी राहू. समुद्रमंथनानंतर त्याने कपटाने अमृत प्राशन केले. विष्णूने त्याचे शिर उडवले, पण तो मरू शकला नाही. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात बाल हनुमान सूर्याकडे झेपावतो, तो दिवस ग्रहणाचा असतो. सूर्याला ग्रासायला आलेला राहू त्याला पाहून घाबरतो आणि इंद्राकडे गाऱ्हाणे नेतो. हनुमान आणि राहू यांची गाठ अशी फार जुनी आहे.

३/ याहून जुना परतणारा खलनायक म्हणजे शंबर. ऋग्वेदात तो डोंगरात राहणारा, अनेक पुरांचा स्वामी आहे. त्याच्या पुरांची संख्या कुठे ९०, कुठे ९९, तर कुठे १०० सांगितली आहे. राजा दिवोदासासाठी इंद्राने त्याचा वध केला, असे सूक्तकार पुनःपुन्हा सांगतात.

४/ येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. ऋग्वेद शंबराला ‘दास’ म्हणतो आणि ‘कौलितर’, म्हणजे कुलितराचा पुत्र, अशी त्याची ओळखही देतो. ज्याच्या बापाचे नाव शत्रूलाही ठाऊक आहे, तो कोणा प्रतिस्पर्धी टोळीचा नायक असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या बाजूने रचलेले सूक्त मात्र आपल्यापर्यंत आलेले नाही.

५/ इंद्राने मारलेला शंबर हरिवंशात आणि भागवतात पुन्हा येतो. आता तो मायावी असुर आहे. कृष्णाचा नवजात पुत्र प्रद्युम्न याला तो पळवतो आणि समुद्रात फेकतो. बाळाला मासा गिळतो. कोळी तो मासा नेमका शंबराच्याच घरी आणतात आणि माशाच्या पोटातून मूल जिवंत निघते.

६/ प्रद्युम्न हा पुनर्जन्म घेतलेला मदन, शिवाने जाळलेला. त्याला वाढवणारी मायावती ही रती. नायकही परतलेला आणि खलनायकही! मायावती त्याला सर्व मायांचा नाश करणारी विद्या शिकवते आणि तिच्या बळावर शंबर मरतो. पूर्वी पुरे फोडावी लागली, आता भ्रम फोडावा लागला.

७/ डोंगरातल्या माणसाचा असा मायावी असुर झाला. प्रत्येक पुनरागमनात त्याची शक्ती वाढली आणि त्याचे माणूसपण कमी झाले. पुढे त्याच्या नावावरून जादूटोण्याला ‘शांबरी विद्या’ म्हणू लागले.

८/ याच नावाने तो तिसऱ्यांदा आला, तो कल्याणला. १८९२ मध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ सुरू केला. खरोलिका म्हणजे दिवा; शांबरिक खरोलिका म्हणजे मॅजिक लँटर्न, जादूचा कंदील. त्यांचे पुत्रही या उद्योगात होते. काचांवर हाताने रंगवलेली पौराणिक चित्रे पडद्यावर टाकून कथा सांगितली जाई.

९/ स्थिर चित्र हलते कसे? एका काचेवर स्थिर भाग रंगवायचा, दुसऱ्या काचेवर हलणारा अवयव, आणि दुसरी काच सरकवायची. किंवा एका कंदिलाचा प्रकाश मंदावत असतानाच दुसऱ्याचा वाढवायचा, म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात विरघळते. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा मुंबईतला पहिला खेळ ७ जुलै १८९६ चा. कल्याणचा पडदा त्याच्या चार वर्षे आधीचा.

१०/ दादासाहेब फाळके यांनीही ही चित्रमाया कॅमेऱ्याने साधली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) या चित्रपटाच्या उरलेल्या भागात भयग्रस्त कंसाला आपलेच शिर धडावेगळे झालेले दिसते. हरिवंशानुसार कंस हाही परतलेलाच आहे : विष्णूने मारलेला कालनेमी.

११/ १९१९ मध्ये फाळक्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. दोन्ही चित्रपटांत बाळकृष्ण झाली त्यांची कन्या मंदाकिनी. तेच पात्र, तीच बालनटी आणि नवा शत्रू. ‘सीक्वेल’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकांनी हा अनुभव घेतला होता.

१२/ खलनायक परततो, कारण त्याच्याविना नायकाची परीक्षा होत नाही. पण दर वेळी त्याला कथाकार परत आणतो, आणि त्याचा चेहराही कथाकारच ठरवतो. पुढच्या ॲनिमेशनपटात एखादा असुर पडद्यावर गर्जना करू लागला, की कुलितराच्या त्या पुत्राचे स्मरण ठेवावे. तोही कधीकाळी कोणाचा तरी राजा असेल.