भोंगा, माठ आणि सागाची पेटी

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लाउडस्पीकर आधी गावाचा झाला, घराचा नंतर. शहरात रेडिओच्या निमित्ताने तो थेट दिवाणखान्यात शिरला. इथे मात्र लग्नाच्या मांडवात, मंडईत आणि नाटकाच्या रात्री उंच बांबूला बांधलेला भोंगा हीच यंत्रातून येणाऱ्या आवाजाची पहिली ओळख होती. त्या काळी दोन जिल्हेही नव्हते. सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

भोंग्याची रचना बोलण्यासाठी आहे, गाण्यासाठी नाही. आतला लहानसा पडदा थरथरतो आणि दुमडलेल्या कर्ण्यातून हवा फैलावत बाहेर पडते. त्यामुळे थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज मिळतो. पण कर्णा आखूड असल्याने खालचे सूर त्यात उमटतच नाहीत. तबल्याचा डग्गा जवळपास नाहीसा होतो आणि माणसाचा शब्द मात्र टोकदार होऊन लांब जातो. धान कापून झाल्यावर बांध्या मोकळ्या पडतात. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. शेजारच्या गावातले नाटक अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येते ते याच कारणाने.

हाच झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलपट्ट्याच्या, रंगभूमीचा हंगाम. दिवाळीनंतर सुरू झालेली नाटके उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात आणि देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचे वडसा, हे त्या व्यवसायाचे मुख्य ठाणे आहे. रंगमंचावर वरून माइक सोडलेले असतात, समोर वादक बसतात, प्रयोग रात्रभर चालतो. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव देशभर पोचले. तिचा आवाज दूरवर पोचवण्याचे काम भोंग्याने आणि पुढे मोठ्या बॉक्सांनी केले. या भागातल्या माणसाला स्पीकरकडून काय हवे असते हेही त्या रात्रींनीच ठरवले: शब्द स्वच्छ हवा, हार्मोनियमचा सूर भरीव हवा, ढोलकी अंगावर आली पाहिजे.

घरात स्पीकर आला तो रेडिओच्या पोटातून. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली, विविध भारती १९५७ मध्ये. मर्फी, बुश, फिलिप्स यांचे व्हॉल्व्हचे सेट म्हणजे लाकडी फर्निचरच असे. पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. या सेटच्या आत बसवलेला स्पीकर मूळ घडणीने १९२५ मधलाच होता. त्या वर्षी अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी फिरत्या कॉइलच्या स्पीकरची रचना मांडली आणि आजही बहुतेक स्पीकर तिच्यावरच चालतात. चुंबकाच्या गोल फटीत तारेचे हलके वेटोळे, त्याला चिकटवलेला कागदी कोन, बस्स. व्हॉल्व्हच्या सेटमधून जेमतेम तीन-चार वॅट निघत, म्हणून कोन हलका आणि मोठा ठेवत. पेटीची मागची बाजू उघडी असे. त्यामुळे खालचा सूर काहीसा पोकळ लागे, पण माणसाच्या आवाजात ऊब येई. ज्यांचे कान त्या सेटवर तयार झाले, त्यांना पुढच्या काळातले चकचकीत डेक कोरडे वाटले, आणि त्यात तथ्य होते.

कोन कागदी म्हणजे वहीच्या पानासारखा कापून गुंडाळलेला नव्हे. चांगला कोन लगद्यापासून घडवतात. पाण्यात सोडलेले तंतू जाळीच्या साच्यावर बसतात, पाणी निथळते, दाबून वाळवले की शिवणीशिवायचा कोन हाती येतो. बल्लारपूरच्या कागद गिरणीला, जिची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली, याच जंगलातला बांबू लगद्यासाठी जात असे. तिथे लिहिण्या-छापण्याचा कागद होई, कोन नव्हे. पण लगदा, जाळी आणि निथळणारे पाणी ही तत्त्वे तीच.

वीज नसलेल्या गावांत ट्रान्झिस्टर पोचला आणि मागोमाग कॅसेटचा जमाना आला. टेपमधला चार इंची स्पीकर अपुरा वाटू लागला, तेव्हा भारतभरच्या खेड्यांत आणि वसतिगृहांत जी युक्ती चालली ती इथेही रुजण्याजोगी होती: माठ. सहा किंवा आठ इंची सुटा स्पीकर आणायचा, चुंबक आत आणि कोनाचे तोंड वर अशा रीतीने माठाच्या तोंडावर बसवायचा, फट उरली तर सुती चिंधीने बुजवायची. एवढ्याने टेपचा आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो.

त्याचे कारण साधे आहे. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. सुटा स्पीकर टेबलावर ठेवला तर या दोन लाटा कडेवरून एकमेकींना भेटून खालचा सूर खाऊन टाकतात. माठ मागची लाट कोंडतो. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी अमेरिकेत एआर-वन नावाचा स्पीकर बाजारात आणला. त्यातही बंद पेटीतली हवाच कोनाला स्प्रिंगसारखा आधार देत होती आणि लहान पेटीतून खोल सूर निघत होता. माठाशी तुलना तेवढ्यापुरतीच खरी आहे, कारण व्हिलचरने कोनाचा ताण आणि पेटीची हवा यांचा हिशेब जुळवला होता, माठात तो दैवावर सोडलेला असतो. तरी माठाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते. हॅरी ऑल्सन या अभियंत्याने १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या मोजून दाखवले की कोपरे असलेल्या चौकोनी खोक्यापेक्षा गोल आकारावरून ध्वनी अधिक सारखा पसरतो. भाजलेल्या मातीची वक्र भिंत ताठ असल्याने ती प्लायच्या पातळ फळीसारखी फडफडतही नाही. पैशाच्या चणचणीतून निघालेली ही सोय श्रवणाच्या दृष्टीनेही शहाणी होती.

खऱ्या अर्थाने स्टिरिओ आणि हायफाय संच आधी परवडले ते पगारदार वसाहतींत: बल्लारपूरची गिरणी, कोळशाच्या खाणी, भद्रावतीचा आयुध कारखाना, १९८० च्या दशकात उभे राहिलेले चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र. या घरांत वीज होती आणि महिन्याचा ठरलेला पगार होता. १९९१ पूर्वी परदेशी माल आयातीच्या निर्बंधांमुळे दुर्मिळ आणि महाग होता, म्हणून बाजारात नावे होती ती फिलिप्स, मुंबईचे कॉस्मिक, कोलकात्याचे सोनोडाइन यांची. तयार जोडी परवडली नाही तर सुटे स्पीकर आणून सुताराकडून पेट्या करून घेणे हा देशभरातला रिवाज होता.

आणि सुताराच्या हाताखाली इथे साग होता. अल्लापल्लीचा आणि बल्लारशाच्या, म्हणजे बल्लारपूरच्या, लाकूड आगाराचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेले ते याच भागातून. ब्रिटिश आणि डॅनिश कंपन्या त्यांच्या स्पीकरवर सागाचा कागदाएवढा पातळ पापुद्रा चढवत, आत भुशाचा दाबलेला बोर्ड असे. ध्वनीसाठी तो बोर्ड वाईट नव्हता, कारण तो जड असतो आणि स्वतः गात नाही. पण पावसाळ्यात फरशी ओली झाली की त्याचा खालचा कोपरा पाणी पितो, फुगतो आणि बोटाने उकरता येईल इतका भुसभुशीत होतो. भरीव सागात तेल असते, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि ऋतू बदलला तरी तो फारसा हलत नाही. या हवेत सागाची पेटी विलायती पेटीपेक्षा जास्त टिकते हे मान्य करायला हवे.

जुने स्पीकर इथे सांभाळायचे म्हणजे हवेशी झुंज घ्यायची. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा कधी कधी ४७ अंशांच्या वर जातो आणि जूनमध्ये लगेच दमट झड लागते. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या अनेक स्पीकरच्या कडेला पॉलियुरेथेन फोमची कड असते. उष्णता आणि ओल मिळून ती कुजवतात. पंधरा-वीस वर्षांत ती चिकट होते आणि बोट लावताच काळा चुरा होऊन पडते. त्याआधीचे, कापडी किंवा कोनाच्याच कागदाची पन्हळदार कड असलेले स्पीकर वयाने मोठे असूनही चांगले राहतात. म्हणून जुन्यातला जुना घ्यावा हा सल्ला ऐकायला विचित्र, पण इथे योग्य ठरतो. कसर कागदी कोनाची कड कुरतडते. पेटीला हवेसाठी गोल भोक असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचे घर बांधते आणि एका बाजूचा खर्ज अचानक बदलतो. ते भोक जाळीच्या कापडाने झाकले की प्रश्न मिटतो.

दुरुस्तीला कारागीर रिकोनिंग म्हणतात. कुजलेली कड खरवडून काढायची, कोनाची आणि लोखंडी चौकटीची कड स्पिरिटने पुसायची. मग मधली डस्ट कॅप अलगद कापून कॉइल आणि चुंबकाचा खांब यांच्यामध्ये जुन्या फोटोफिल्मच्या पट्ट्या सारख्या अंतराने सरकवायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये उभी राहते. नवी कड चिकटवून एक दिवस हात लावायचा नाही. पट्ट्या काढल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच आत दाबून कान जवळ न्यायचा. खर्र असा आवाज आला तर कॉइल घासते आहे, काम पुन्हा करायचे. शेवटी दीड व्होल्टच्या सेलची दोन टोके क्षणभर तारांना टेकवायची. लाल खुणेच्या तारेला धन टोक लागल्यावर कोन बाहेर उसळला तर जोडणी बरोबर. दोन पेट्यांपैकी एकीची तार उलटी राहिली तर गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो आणि खर्ज मरतो. चांगला स्पीकर खराब ठरवला जातो तो पुष्कळदा एवढ्याशा चुकीने.

खोलीचाही वाटा मोठा असतो. कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात छताला फटी असतात, भिंत मातीची आणि जमीन सारवलेली असते. खर्ज बाहेर निसटतो, पण घुमत नाही आणि शब्द सुटा राहतो. स्लॅबच्या घरात तोच स्पीकर कोपऱ्यात ठेवला की ढोलकी सुजल्यासारखी वाटते. अशा वेळी पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढतात, खाली लाकडी पाट देतात, मागच्या भिंतीवर सतरंजी टांगतात. पावसाळ्याच्या तोंडावर पेट्या फरशीवरून उचलून पाटावर ठेवण्याची सवय मात्र दोन्ही घरांत सारखीच उपयोगाची.