प्रारंभिक बीजगणित (महाविद्यालयपूर्व अभ्यासक्रम)

प्रारंभिक बीजगणित, महाविद्यालयपूर्व : अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांत, शिकवला जाणारा पूर्वतयारीचा गणित अभ्यासक्रम. ज्यांचे शाळेतले बीजगणित कच्चे राहिले किंवा नोकरी-संसाराच्या धबडग्यात विसरले गेले, अशा विद्यार्थ्यांसाठी तो असतो. मुदत बहुधा एका सेमिस्टरची. शुल्क भरावे लागते, गृहपाठ आणि परीक्षा चुकत नाहीत. मात्र त्यातून मिळालेली क्रेडिट पदवीच्या हिशेबात सहसा धरली जात नाहीत. या एका अटीमुळे साधा उजळणी वर्ग वाटणारा हा विषय अमेरिकी उच्च शिक्षणातील मोठ्या वादाचे कारण ठरला.

आशय : ऋण संख्या व अपूर्णांक यांची उजळणी, बैजिक राशी, एका चलातील रेषीय समीकरणे, घातांकांचे नियम, बहुपदींच्या क्रिया, अवयव पाडणे, रेषेचा चढ व आलेख, दोन चलांची समीकरणे आणि शेवटी वर्गसमीकरणाची तोंडओळख. राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले मोफत पाठ्यपुस्तक साधारण हेच विषय घेते. लिन मेरेसेक आणि मेरी ॲन अँथनी-स्मिथ या त्याच्या लेखिकांनी कॅलिफोर्नियातील सांता आना कॉलेजात अध्यापन केले आहे. पुस्तक जाडजूड आहे. पंधरा-सोळा आठवड्यांत ते संपवायचे म्हणजे धावाधावच.

इतिहास : हार्वर्डने १८२० मध्ये प्रवेशासाठी बीजगणित आवश्यक केले. तोवर बीजगणित हा महाविद्यालयातच शिकायचा विषय होता. तो शाळेकडे सरकला, पण सगळ्या शाळांना पेलला नाही, आणि मधली पोकळी भरून काढण्याचे काम पुन्हा महाविद्यालयांकडेच आले. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १८४९ मध्येच तयारी विभाग उघडला होता. १८९२ साली नेमलेल्या आणि हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखालील ‘दहांच्या समिती’ने माध्यमिक शाळेतल्या बीजगणिताची चौकट बांधून दिली. समितीच्या गणित परिषदेचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम होते. पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजाचे जुने नाव) १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेले सैनिक त्यांच्या शिक्षणाला मदत देणाऱ्या १९४४ च्या कायद्याच्या आधाराने शिकू लागले, आणि १९७० मध्ये न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने (क्युनी) शहरातील शालान्त विद्यार्थ्यांना सरसकट दारे उघडली. तयारीच्या वर्गांची गर्दी तेव्हापासून वाढत गेली.

ओक्लाहोमातील एका ज्युनियर कॉलेजात बीजगणित शिकवणारे निवृत्त हवाईदल अधिकारी जॉन सॅक्सन यांची नोंद येथे हवी. आदल्या सेमिस्टरचे विद्यार्थ्यांना काहीच आठवत नाही, हे पाहून त्यांनी स्वतःची पुस्तके लिहिली व स्वतःच छापली. एका प्रकरणाची सगळी उदाहरणे एकाच जागी न देता ती पुढील धड्यांत थोडीथोडी विखरून ठेवायची, ही त्यांची रीत. शिक्षक संघटनांशी त्यांचे जोराचे खटके उडाले. तरी सरावाची उदाहरणे विखरून देण्याची कल्पना टिकली.

उतरंड : विद्यार्थी दाखल झाला की संगणकावर चाचणी होई. ॲक्युप्लेसर आणि २०१६ च्या सुमारास बंद झालेली कंपास या दोन चाचण्यांचे अनेक वर्षे राज्य होते. चाचणीच्या गुणांवरून विद्यार्थ्याला अंकगणित, पूर्वबीजगणित, प्रारंभिक बीजगणित किंवा मध्यम बीजगणित यांपैकी एका पायरीवर बसवले जाई. चाचणीवर एवढे काही ठरणार आहे, याची अनेकांना कल्पना नसे. कोलंबिया विद्यापीठातील ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या २०१२ च्या अभ्यासानुसार गणितात चौघांपैकी सुमारे एकाची नेमणूक गंभीरपणे चुकीची होती.

उतरंडीचे खरे दुखणे साध्या गुणाकारात आहे. तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर शंभरांतले सत्तर पार होतात असे धरले, तर ०.७ × ०.७ × ०.७ = ०.३४३, म्हणजे शेवटी शंभरांतले चौतीसच उरतात. दोन सेमिस्टरमधल्या सुट्टीनंतर जे परतत नाहीत ते वेगळेच. थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५७ महाविद्यालयांची माहिती तपासली. तयारीच्या वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी ठरवून दिलेली मालिका पूर्ण करत होते, आणि सुमारे ३० टक्के कोणत्याही वर्गात नाव घालतच नव्हते. नापास होणाऱ्यांची चर्चा खूप झाली. न येणाऱ्यांकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले.

चुका : या विषयातले सर्वांत मोलाचे संशोधन विद्यार्थ्यांच्या चुकांचे आहे. काही चुका पिढ्यानपिढ्या त्याच आहेत. (क्ष + ३) चा वर्ग करताना क्षचा वर्ग अधिक ९ लिहून मोकळे होणे, मधले ६क्ष गाळणे. (क्ष + ५) ला ५ ने भागताना वरचा-खालचा ५ खोडून क्ष उरवणे. कंसाबाहेरचे ऋण चिन्ह फक्त पहिल्याच पदाला लावणे. दोन द्विपदींच्या गुणाकारासाठी अमेरिकी वर्गांत ‘फॉइल’ नावाची चार पायऱ्यांची युक्ती पाठ करून घेतात. कंसात तिसरे पद आले की ती निरुपयोगी ठरते आणि विद्यार्थी अडून बसतो; वितरणाचा नियम त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

जॉन क्लेमेंट, जॅक लॉकहेड आणि जॉर्ज मंक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेले उदाहरण तर फारच गाजले. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे समीकरणात मांडायचे. अनेक जण लिहितात ६वि = प्रा. हवे ते वि = ६प्रा. आणि ही परीक्षा तयारीच्या वर्गातल्यांची नव्हती. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे ३७ टक्के विद्यार्थी तीत चुकले. वाक्यात शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चिन्हे मांडायची, किंवा ‘वि’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या न समजता विद्यार्थी नावाची वस्तूच समजायची, अशी दोन कारणे त्यांनी दाखवली.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेम्स स्टिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये थेट तयारीच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनाच प्रश्न विचारले. अ ही धन पूर्ण संख्या असेल, तर अ/५ मोठा की अ/८? ५३ टक्क्यांनी बरोबर सांगितले. नाणे उडवूनही पन्नास टक्के आलेच असते. −०.७ आणि १३/८ या संख्या संख्यारेषेवर दाखवणे २१ टक्क्यांनाच जमले. मुलाखतीत एकाला ४६२ + २५३ = ७१५ हा हिशेब पडताळायला सांगितले. त्याने ७१५ मधून २५३ वजा केले. ४६२ वजा करून चालेल का, असे विचारल्यावर त्याला ते चालेलसे वाटले नाही, कारण नियम दुसरी संख्या वजा करण्याचा होता. तेच नियम तिसऱ्यांदा शिकवून काय साधणार, हा प्रश्न हे संशोधन नेमका विचारते. पुढच्या धोरणवादात तो बाजूला पडला.

वाद : बीजगणित सगळ्यांना लागते का? क्वीन्स कॉलेजातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधील लेखात ‘नाही’ असे उत्तर दिले. गणितज्ञ खवळले. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट मोझेस. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी लढलेल्या या कार्यकर्त्याने १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. बीजगणित मिळणे हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका. मुलांना भुयारी रेल्वेतून फिरवून कोणते स्थानक कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर, यावरून ते धन-ऋण संख्या शिकवत. त्यांचे काम शाळेतल्या मुलांत होते. पण तयारीच्या वर्गांत गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी अधिक असल्यामुळे दोन्ही बाजू त्यांचा आधार घेतात.

निर्णायक म्हणावा असा पुरावा क्युनीत मिळाला. अलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली : नुसते प्रारंभिक बीजगणित, बीजगणित व जोडीला कार्यशाळा, आणि थेट पदवीपातळीचे संख्याशास्त्र व कार्यशाळा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संख्याशास्त्राच्या गटाचे उत्तीर्णांचे प्रमाण बीजगणिताच्या गटापेक्षा १६ टक्के-बिंदूंनी जास्त होते. बीजगणिताचा उंबरा न ओलांडताही संख्याशास्त्र जमते, एवढे यातून सिद्ध होते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचे काय, याला हा प्रयोग उत्तर देत नाही.

सद्यःस्थिती : फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने बहुतेक नव्या विद्यार्थ्यांसाठी हे वर्ग ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये दोन वर्षांच्या पदवीची अट प्रारंभिकवरून मध्यम बीजगणितापर्यंत चढवली होती. त्याच राज्याने २०१७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना थेट पदवीपातळीच्या गणितात घ्यायला आणि शाळेतले गुण ग्राह्य धरायला महाविद्यालयांना भाग पाडले. २०२२ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. अनेक ठिकाणी प्रारंभिक बीजगणित आता स्वतंत्र विषय म्हणून उरलेले नाही. पदवीच्या गणिताला जोडलेल्या जादा तासांत ते लागेल तेवढे शिकवतात.

शिक्षक : मोठा भाग तासिका तत्त्वावर.

महाराष्ट्र : महाविद्यालयात असा तळाचा विषय येथे रुजला नाही. बीजगणिताची चाळणी शाळेतच लागते. मध्यंतरी दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता, तो नव्या अभ्यासक्रमात गेला. शालान्त परीक्षेत बीजगणित ‘गणित भाग १’ म्हणून ४० गुणांना असते.