देशोदेशींचे ग्रहण

चंद्र हा आपल्या घरातलाच एक. मुलांचा तो मामा. संकष्टीला त्याची वाट पाहत आपण उपाशी ताटकळतो, कोजागरीचे दूध त्याला दाखवून मगच पितो, आणि जिला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्रालाच ओवाळावे अशी आपल्याकडे रीत आहे. अशा या घरच्या माणसाला अधूनमधून ग्रहण लागते आणि त्या दिवशी घरातले सगळे नियम एकदम बदलतात. लोणच्याच्या बरणीवर दर्भ, पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र, चूल बंद. आणि घरात कोणी पोटुशी असेल तर तिला आतल्या खोलीत बसवायचे. तिने चिरायचे नाही, कापायचे नाही, शिवायचे नाही, पुष्कळ घरांत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. हे आपल्याकडेच का, की दुसरीकडेही असे काही आहे, या कुतूहलाने थोडेफार वाचले. त्यातले जे बायकांशी निगडित वाटले ते येथे मुख्यतः मांडते.

प्रथम चंद्राच्या कलांविषयी. संस्कृतात ‘मास’ या शब्दाचा अर्थ चंद्र असाही आहे. महिना मोजायला माणसाला पहिल्याने शिकवले ते चंद्रानेच. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. असे बारा महिने धरले तर ३५४ दिवस होतात आणि ऋतूंचे वर्ष अकरा दिवसांनी पुढे निसटते. मुसलमान बांधवांनी ही तूट तशीच राहू दिली, म्हणून त्यांचा रमजान कधी थंडीत तर कधी ऐन उन्हाळ्यात येतो. आपण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून हिशेब मिळवतो. प्राचीन बाबिलोनच्या लोकांनी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने बसवले होते, आणि यहुदी पंचांग आजही त्याच हिशेबाने चालते. बाबिलोनच्या जावयांना धोंड्याच्या महिन्यात अनारसे मिळत असत की नाही, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही! आपल्या देशातही एकवाक्यता कुठे आहे? आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. वटसावित्रीचे व्रत आपण ज्येष्ठी पौर्णिमेला करतो. बिहार-उत्तर प्रदेशातल्या बायका त्याच वडाला अमावास्येला फेरे घालतात. चंद्र एकच, सावित्रीही एकच.

आता ग्रहण. त्याचा अभ्यास फार जुन्या काळी आणि अतिशय चिकाटीने केला तो याच बाबिलोनच्या लोकांनी. मातीच्या ओल्या विटांवर ते शतकानुशतके नोंदी करीत राहिले. त्यांना आढळून आले की एक ग्रहण झाले की १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी तसलेच ग्रहण पुन्हा येते. मधले आठ तास फसवे आहेत. तेवढ्या वेळात पृथ्वी तिसरा हिस्सा फिरते, त्यामुळे पुढचे ग्रहण भलत्याच मुलखात दिसते. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक-आंध्रात दिवसाढवळ्या अंधार झाला होता, तो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच मालिकेतले पुढचे ग्रहण २६ फेब्रुवारी १९९८ ला दिसले ते थेट वेस्ट इंडीजकडे.

मात्र हिशेब कळला म्हणून भीती गेली असे झाले नाही. बाबिलोन व असुरिया येथे चंद्रग्रहण म्हणजे राजाच्या मरणाची खूण. मग एखाद्या सामान्य माणसाला राजाची वस्त्रे चढवून सिंहासनावर बसवीत, खरा राजा आडबाजूला राही. मुदत भरली की त्या नकली राजाला ठार करीत. अपशकुन खरा झाला, राजा वाचला! असरहद्दोन राजाच्या काळची, म्हणजे इ. स. पूर्व सातव्या शतकातली, याविषयीची पत्रे सापडली आहेत. पुढे इ. स. पूर्व ५५४ मध्ये बाबिलोनचा राजा नबोनिदस याने चंद्रग्रहण पाहिले. चंद्रदेवाला आपल्या सेवेसाठी पुजारीण हवी आहे, असा अर्थ त्यातून काढण्यात आला आणि राजाने आपली मुलगी ऊर नगरीतल्या चंद्रमंदिराला वाहिली. सावली पडली चंद्रावर, पण दिशा बदलली एका मुलीच्या आयुष्याची. तिला काय वाटले ते कुठल्याही विटेवर नाही.

ग्रीक लोकांत विचारवंत पुष्कळ, पण प्रसंग आला की त्यांचीही त्रेधा उडे. इ. स. पूर्व ४१३ मध्ये अथेन्सचे सैन्य सिसिलीत सिराक्यूज शहरापुढे अडकून पडले होते. रातोरात निघून जायचे ठरले, तेवढ्यात चंद्रग्रहण लागले. सेनापती निकियास शकुनांवर भारी भरवसा ठेवणारा. जोश्यांनी सांगितले, तीन नवके म्हणजे सत्तावीस दिवस थांबा, हा थांबला. तेवढ्यात शत्रूने बंदराचे तोंड बंद केले. सैन्याचा धुव्वा उडाला, सेनापती मारला गेला आणि सात हजार कैदी दगडाच्या खाणींत खितपत पडले. चंद्र तर त्याच रात्री सुटला होता!

याच ग्रीकांत अग्लाओनीके नावाची एक थेसालीची बाई होऊन गेली. तिला चंद्रग्रहणांचा हिशेब येत असे. ग्रहणाची वेळ साधून ती इतर बायकांना सांगे, पाहा, मी आता चंद्र खाली ओढते. आणि त्या बिचाऱ्या खऱ्या मानीत. ही हकीकत प्लूटार्क या लेखकाने नवपरिणीत जोडप्याला केलेल्या उपदेशात सांगितली आहे. त्याचे म्हणणे असे की नवऱ्याने बायकोला भूमिती आणि खगोल शिकवावा, म्हणजे तिला असे कोणी फसवू शकणार नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाने दिलेला हा सल्ला मला तरी फार मोलाचा वाटला. अग्लाओनीकेचेही मनातून कौतुक वाटते, हे लपवीत नाही. सगळ्या गावात हिशेब तिला एकटीला येत होता.

चीनमध्ये ग्रहणाला वापरतात तो शब्दच मुळी ‘खाणे’ या अर्थाचा. सूर्यचंद्राला कोणीतरी खाते, तर ढोल बडवून त्याला पळवून लावायचे. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांत कुत्र्यांना बांधून मारीत, त्यांच्या केकाटण्याने चंद्र शुद्धीवर येईल म्हणून. आपला राहूही गिळणाराच. पण चीनमध्येच अठराव्या शतकात वांग झेनयी नावाची एक विदुषी होऊन गेली. जन्म १७६८ चा, मरण १७९७ चे. उणेपुरे एकोणतीस वर्षांचे आयुष्य. तिने चंद्रग्रहण समजून घेतले ते घरातल्या वस्तूंनी. छताला दिवा टांगला, तो सूर्य. गोल मेज ही पृथ्वी. आणि हातातला गोल आरसा हा चंद्र. मेजाच्या सावलीत आरसा आला की ग्रहण. आपणही हा प्रयोग मुलांपुढे करू शकतो. आरसा जरा वर किंवा खाली धरला तर तो सावलीबाहेरून निघून जातो. चंद्राचा मार्ग असाच पाच अंशांनी कललेला आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

आपल्याकडे ऋग्वेदात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने झाकतो आणि अत्रिऋषी त्याला सोडवतात. पुढे समुद्रमंथनाची कथा आली, राहूचे धड आणि डोके वेगळे झाले. पण इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने स्पष्ट लिहून ठेवले की चंद्र सूर्याला झाकतो ते सूर्यग्रहण, आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला झाकते ते चंद्रग्रहण. म्हणजे दीड हजारांहून अधिक वर्षे हे ज्ञान आपल्या घरात आहे, बाहेरून आलेले नाही. मग ते माजघरापर्यंत का पोहोचले नाही? इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने राहू न मानणाऱ्यांना वेदस्मृतींच्या नावाने दटावले, आणि स्वतः गणित मांडले ते मात्र सावलीचेच. चारशे वर्षांनी आलेल्या अल्-बीरूनीने या दुटप्पीपणाबद्दल त्याला चांगलेच धारेवर धरले आहे. मला वाटते, उत्तर येथेच आहे. गणित पंडितांच्या पोथीत राहिले आणि राहू आपल्या वाट्याला आला.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि त्याला इ. स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या वेळी दान मिळाले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणातच देणगी! ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ या आरोळीमागची श्रद्धा अशा कामी येत असेल तर तिच्याशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते दुसऱ्याच गोष्टीशी. सोळाव्या शतकात सहागून नावाच्या एका स्पॅनिश पाद्र्याने मेक्सिकोतल्या लोकांचे रीतिरिवाज लिहून ठेवले. चंद्रग्रहण लागले की तिथल्या गरोदर बाया घाबरत. मूल फाटक्या ओठाचे निपजेल म्हणून काळ्या काचेसारख्या धारदार दगडाचा तुकडा तोंडात किंवा छातीशी धरून बसत. अजूनही तिकडे गरोदर बाई ग्रहणात अंगावर लोखंडी टाचणी लावते. चंद्राचा लचका तुटलेला दिसतो, तसा बाळाच्या ओठाचा तुटेल, हा त्यातला विचार. आपल्याकडे नेमकी हीच भीती. पण इथे विळी, सुरी, सुईला हात लावायचा नाही. मेक्सिकोत धार बाळाला वाचवते आणि महाराष्ट्रात धार बाळाला कापते! दोन्ही एकदम खरे कसे असेल? आणि जिथे असले काही पाळत नाहीत तिथेही फाटक्या ओठाची मुले जन्मतातच. जगभरात सुमारे सातशे मुलांमागे एक. आनुवंशिकता, गरोदरपणी घेतलेली काही औषधे, धूम्रपान अशी कारणे डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रियेने ओठ उत्तम सांधला जातो.

परंतु आईला बसलेला बोल कोण सांधणार? माझ्या नात्यातल्या एका बाईंचा मुलगा असा जन्मला. बारशाला आलेल्या प्रत्येकीने बाळाकडे पाहून तिलाच विचारले, ‘ग्रहणात काही चिरलंस का ग?’ ती चार भिंतींच्या आत निजून होती हो, पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तरी ती कित्येक वर्षे आठवत राहिली, चुकून हाताला काही लागले होते का म्हणून. मुलाचा ओठ सहा महिन्यांत नीट झाला. तिच्या मनातले ते काही जाईना. राहू-केतू सोडा, पण विचारणाऱ्या आपणच होतो ना?

याच्या उलट एक चित्र आपल्याच मुलखातले आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाडाकडे गेला. विजयदुर्गावर लॉकियरसाहेब आले होते. (हेलियमचा शोध १८६८ मध्ये त्यांनी विजयदुर्गावर लावला असे सांगतात ते बरोबर नाही, त्या वर्षी ते विलायतेतच होते.) सोलापूरच्या रेल्वेवरील जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. नायगमवाला यांनी तळ दिला. आणि तळणी या खेड्यात ॲनी माँडर ही बाई पतीबरोबर आली होती. ग्रिनिचच्या वेधशाळेत ती गणिताचे काम करीत असे. १८९५ मध्ये लग्न झाले म्हणून नोकरी सोडावी लागली. केंब्रिजच्या गर्टन या मुलींच्या कॉलेजच्या मदतीतून घेतलेला एक छोटा कॅमेरा तिच्यापाशी होता. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात तिने सूर्याच्या प्रभामंडळाचे जे छायाचित्र घेतले, त्यात सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब गेलेला प्रकाशाचा झोत उमटला. इतका लांब झोत तोवर कोणाच्याच कॅमेऱ्यात आला नव्हता. तरीही विलायतेच्या ज्योतिषी संस्थेने तिला सभासद करून घेतले ते १९१६ मध्ये. तळणीच्या आसपासच्या घरांत त्या दोन मिनिटांत किती जणी दारे लावून बसल्या असतील, हे मनात येतेच.

सूर्यग्रहण मात्र साध्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. त्याने डोळे कायमचे जाऊ शकतात, आणि त्यासाठीचा खास चष्मा खात्रीचाच हवा. चंद्रग्रहणाला तसली काही अडचण नाही. ३१ डिसेंबर २०२८ ला रविवार आहे. त्या रात्री दहाच्या सुमारास पौर्णिमेचा चंद्र आपल्या इथून पूर्ण झाकलेला, तांबूस दिसेल आणि तासाभराहून अधिक तसाच राहील. थंडीचे दिवस, तेव्हा गच्चीवर शाल घेऊन यावे. घरात कोणी पोटुशी असेल तर तिच्यासाठी एक खुर्चीही वर न्यावी, आणि जेवण वेळेवर आटोपूनच यावे.