कोच कॉलेजचा, खेळाडू मंडळाचा

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाला डिक गूल्ड नावाचे टेनिस कोच होते. १९६६ ला रुजू झाले, २००४ ला थांबले. मधल्या काळात त्यांच्या संघांनी तिथल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची १७ सांघिक विजेतेपदं आणली. १९७८ ला एकेरी जिंकणारा जॉन मॅकेन्रो त्यांच्याच हाताखालचा विद्यार्थी. तिथे मुलं कोच हेरतो, शिष्यवृत्ती देऊन आणतो, कोर्टवर तोच घडवतो. म्हणून यशही त्याच्या नावावर लागतं.

मी भिवंडीत कॉलेजचा जिमखाना सांभाळून निवृत्त झालो. टेनिस कोर्ट आमच्याकडे नव्हतं. ७८ बाय ३६ फुटांची आखणी, वर चारी बाजूंनी पळायला जागा, म्हणजे जवळपास सात हजार चौरस फूट. आमच्या गावात एवढी मोकळी जागा दिसली तर माणूस आधी शेड टाकून यंत्रमाग बसवेल. कबड्डीला तेरा बाय दहा मीटर पुरतात आणि थोडी फक्की. त्यामुळे माझी सगळी नोकरी कबड्डीत गेली, आणि गूल्डसाहेबांसारखं माझ्या नावावर काही लागलेलं नाही. यात माझा आळस किती ते सोडा. नोकरीची घडणच तशी होती.

आधी शाळा-कॉलेजांत ड्रिल मास्तर असायचा, बहुधा पलटणीतून निवृत्त झालेला. एक-दोन-एक-दोन आणि छडी. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ ला व्यायामशाळा काढली, तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. आपल्याकडे सरकारी पाऊल पडलं ते १९३७ नंतर. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९३८ ला कांदिवलीला प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. ड्रिल मास्तरचा 'सर' झाला तो अशा संस्थांमुळे.

पण तिथे घडत होता शिक्षक. सगळ्या मुलांना सगळे खेळ थोडे थोडे द्यायचे, आरोग्य सांभाळायचं, शिस्त लावायची. एकच खेळ खोलवर शिकवणारा कोच घडवायला पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ला निघाली. योगायोग असा की त्याच वर्षी विद्यापीठांनी कबड्डी आपल्या स्पर्धांत घेतली. पतियाळाच्या अभ्यासक्रमात मात्र कबड्डी आली १९७१ ला. म्हणजे दहा वर्षं कॉलेजं कबड्डी खेळत होती आणि पतियाळाला त्या खेळाचा कोच तयारच होत नव्हता!

मग पोरांना शिकवलं कुणी? गल्लोगल्लीच्या क्रीडा मंडळांनी. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी कबड्डीची संघटना बांधली ती मंडळांच्याच जोरावर. १५ जुलैला, त्यांच्या जन्मदिवशी, महाराष्ट्र कबड्डी दिन पाळतो. भिवंडीत मागावर बारा बारा तासांची पाळी. सकाळी आठला सुटलेला पोरगा झोपून उठला की संध्याकाळी मंडळाच्या मैदानात उतरायचा. केसांत कापसाची तूस तशीच. त्याला पाय कधी टाकायचा, बोनस रेषेवर किती रेंगाळायचं, चढाई करणारा वळला की घोटा कसा धरायचा, हे सांगणारा मंडळातला कुणीतरी जुना खेळाडू असे. त्याला ना पगार, ना पद.

असा पोरगा रात्रपाळी करून कॉलेजात नाव घालायचा, आणि मग माझं काम सुरू व्हायचं. पात्रता अर्ज तिहेरी भरा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती जोडा. फोटोवर अर्धा शिक्का, अर्धा कागदावर, नाहीतर विद्यापीठात अर्ज परत. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचा दाखला. प्रवासभत्त्याची बिलं, जर्सी कोणत्या मुलाने नेली त्याची नोंद. सामन्याच्या आधी मी आठवडाभर सराव घ्यायचो आणि त्यात एकच पथ्य पाळायचो: मंडळाने लावलेली सवय मोडायची नाही. डावा कोपरा सांभाळणाऱ्याला उजवीकडे हलवण्याची हौस नव्या सरांना फार असते.

पुण्यातही टेनिस रुजलं ते डेक्कन जिमखाना, पीवायसी अशा संस्थांच्या कोर्टांवर. डेक्कन जिमखाना १९०६ चा. ज्याच्या ताब्यात मैदान, त्याच्याकडे खेळ. कोचचंही तसंच. कोचना मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला तेव्हा पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, १९९० ला क्रिकेटच्या आचरेकर सरांना मिळाला. आचरेकर सरांची कर्मभूमी शिवाजी पार्क. त्यांच्यासमोर पहाटे येणाऱ्या मुलाला त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. कॉलेजला तो पदवीची तीन वर्षं मिळतो, आणि त्यातही पावसाळ्यानंतरच्या सत्रातच खेळतो.

तरी कॉलेजची नोकरी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. मागावरच्या मुलाला पदवीपर्यंत टिकवून धरायला खेळाचे गुण आणि सरांचा धाक, दोन्ही उपयोगी पडले. पोलिसात, रेल्वेत खेळाडू म्हणून अर्ज करताना विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागायचं आणि ते मंडळाला देता येत नव्हतं. माझे काही जुने विद्यार्थी अजून भेटतात. ओळख करून देताना आधी मंडळाचं नाव घेतात, मग त्या जुन्या खेळाडूचं. माझ्याकडे वळून म्हणतात, "आणि हे आमचे सर, फॉर्मवाले."