रणगाडा आणि उसाचे शेत

शत्रूची फळी फोडणे, तिच्या पिछाडीस धावून जाणे आणि शत्रूला सावरावयास अवधी न देणे हे घोडदळाचे पूर्वापार कार्य होते. विसाव्या शतकात ते रणगाड्याकडे आले. पहिल्या महायुद्धात मशीनगन व काटेरी तारा यांनी पायदळास खंदकांत जखडून टाकले होते. ही कोंडी फोडण्यासाठी ब्रिटिशांनी १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर रणगाडे प्रथम उतरविले. गुप्ततेसाठी त्यांस पाण्याच्या टाक्या म्हटले गेले आणि ‘टँक’ हेच नाव पुढे रूढ झाले. १९४० साली फ्रान्सकडे जर्मनीहून अधिक रणगाडे होते व त्यांतील अनेकांचे चिलखतही अधिक जाड होते. परंतु ते बव्हंशी पायदळामागे विखुरलेले होते. जर्मनांनी आपले रणगाडे एकवटले, त्यांस बिनतारी यंत्रांनी जोडले आणि सहा आठवड्यांत फ्रान्स नमविला.

याच सत्याचा प्रत्यय आपल्या देशास १९६५ च्या सप्टेंबरात आला. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने अमेरिकन बनावटीच्या पॅटन रणगाड्यांनिशी पंजाबातील खेमकरण भागात मुसंडी मारली. बियास नदीवरील पूल गाठून अमृतसर तोडावयाचे, असा तो बेत होता. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने माघार घेऊन असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची बचावफळी उभारली. कालव्याचे पाणी शेतांत सोडण्यात आले. उंच उसाच्या आडोशाने भारतीय रणगाडे दबा धरून बसले. पॅटन चिखलात रुतले आणि तीन बाजूंनी होणाऱ्या माऱ्यात सापडले. जीपवरील तोफेने रणगाड्यांचा सामना करणाऱ्या अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र लाभले. १० सप्टेंबरपर्यंत ती चढाई मोडली आणि पॅटनच्या अजिंक्यतेचा बोलबाला संपला.

त्याच दिवसांत सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर करीत होते. त्यांचे शालेय शिक्षण पुण्यात झाले होते. फिल्लोऱ्याच्या लढाईत जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांनाही मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

१९७३ साली सिनाईत क्षेपणास्त्रांनी आणि २०२२ पासून युक्रेनमध्ये ड्रोन विमानांनी रणगाड्यांची मोठी हानी केली, तेव्हा रणगाड्याचे युग संपल्याची भाकिते झाली. आम्हांस ती घाईची वाटतात. जमीन जिंकावयाची व राखावयाची, तोवर चिलखत, तोफ आणि वेग यांची एकत्र गरज राहणारच. मात्र शस्त्रखरेदीच्या आकड्यांनी हुरळून जाणाऱ्यांनी असल उत्तर विसरू नये. यंत्र परदेशातून मोल देऊन आणता येते. भूमीची पारख आणि आतल्या माणसांचे शिक्षण आपले आपणच घडवावे लागते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात युद्धात हाती आलेला पॅटन ठेवलेला आहे. गावी जाणाऱ्या बंधुभगिनींनी तो मुलाबाळांस अवश्य दाखवावा आणि त्याला रोखून धरणाऱ्या उसाच्या शेतांची हकीकतही त्यांस सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.