कुलूप, किल्ली आणि हातमोजा : विकरांच्या निवडशक्तीविषयीच्या संकल्पनेचा इतिहास

सजीव पेशीत असंख्य द्रव्ये एकत्र वावरत असतात. तरीही प्रत्येक विकर त्यांतून आपला क्रियाधार, म्हणजे ज्यावर त्याची क्रिया घडते ते द्रव्य, नेमके निवडते. ही निवड कशी होते, या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका उपमेचा इतिहास आहे.

ही उपमा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये योजली. यीस्टपासून मिळणारे इन्व्हर्टिन अल्फा-मिथिल ग्लुकोसाइडचे विघटन करते, बीटा रूपाचे मात्र करीत नाही. कडू बदामातील इमल्सिनचे वर्तन याच्या उलट असते, असे त्यांना आढळले होते. दोन्ही रूपांतील अणू तेच आणि तितकेच. भेद केवळ एका कार्बन अणूभोवतीच्या अवकाशीय मांडणीचा. तेव्हा विकर आणि क्रियाधार हे कुलूप आणि किल्ली यांप्रमाणे एकमेकांशी जुळणारे असले पाहिजेत, असे अनुमान फिशर यांनी काढले. विकर हे प्रथिन असते, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. जेम्स समनर यांनी युरिएजचे स्फटिक मिळवले ते १९२६ मध्ये. म्हणजे कुलूप कशाचे बनले आहे हे कळण्यापूर्वीच त्याच्या घडणीविषयीचे विधान झाले होते.

उपमेच्या यशातच तिची मर्यादा दडलेली होती. किल्ली कुलपात बसते, एवढ्याने रासायनिक क्रिया का घडावी याचा उलगडा होत नाही. पुढे, १९५७ मध्ये, भारतात आलेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३० मधील आपल्या ग्रंथात, किल्ली तंतोतंत न बसता तिच्यावर काहीसा ताण पडत असावा, असे सुचविले. १९४६ मध्ये लायनस पॉलिंग यांनी, विकराची घडण मूळ क्रियाधारापेक्षा क्रियेच्या संक्रमणावस्थेशी अधिक जुळणारी असते, असे प्रतिपादन केले.

निर्णायक आक्षेप डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ मध्ये घेतला. हेक्झोकायनेज हे विकर एटीपीमधील फॉस्फेट ग्लुकोजला देते. पाण्याचा रेणू ग्लुकोजहून लहान, सर्वत्र उपलब्ध आणि तत्सम हायड्रॉक्सिल गट असलेला. मग फॉस्फेट त्याला सहजासहजी का मिळत नाही? मोठ्या किल्लीला कुलूप अडवील, लहानीला कसे अडवणार? कॉशलंड यांचे उत्तर असे, की योग्य क्रियाधार येताच विकराचाच आकार बदलतो आणि त्यानंतरच क्रियाकारी गट योग्य जागी येतात. हात घातल्यावर हातमोजा आकार धरतो, तसेच हे. १९७८ मध्ये विल्यम बेनेट आणि टॉमस स्टाइट्झ यांनी क्ष-किरण स्फटिकलेखनाद्वारे यीस्टमधील हेक्झोकायनेजचे दोन खंड ग्लुकोजभोवती मिटतात, हे दाखवून दिले.

तथापि हातमोज्याची उपमाही अंतिम ठरली नाही. काही विकरांत निरनिराळे आकार आधीपासूनच आलटूनपालटून अस्तित्वात असतात आणि क्रियाधार त्यांतील अनुकूल आकाराशी बांधला जातो, असे आता मानले जाते. फिशर यांचा अवकाशीय जुळणीचा सिद्धांत यामुळे बाद होत नाही. बाद होते ते केवळ कुलपाचे ताठरपण, आणि ते लक्षात येण्यास चौसष्ट वर्षे लागली.